न टाचलेला फॉर्म

बोट वर गेलं आणि खोलीत कुणीच काही बोललं नाही.

चौदा महिन्यांच्या मुलीचं ते बोट, मधल्या पेरात किंचित वाकलेलं, उजव्या भिंतीच्या वरच्या कोपऱ्याकडे रोखलेलं होतं. त्या कोपऱ्यात काहीच नव्हतं. ओलीचा पुसट डाग होता आणि सुटलेला रंगाचा एक पोपडा आपल्याच सावलीवर टेकून होता. दिवा डावीकडे होता. बुटक्या कपाटावर, पिवळ्या टोपीचा, चालू असलेला, शोधावा न लागणारा.

"मुंगी, दिवा कुठंय?" असं टाचणीबाईंनी विचारलं होतं, आणि मुंगीने क्षणाचाही विलंब न लावता हात उचलला होता.

हात अजून तसाच होता. डोळे मात्र हातासोबत गेले नव्हते. ते सतरंजीच्या काठाला सुटलेल्या एका दोऱ्यावर खिळले होते, आणि कोपऱ्याकडे गेलेला हात जणू दुसऱ्याच कुणाचा होता.

मुंगीची आई भिंतीलगतच्या लहान मुलांच्या खुर्चीवर गुडघे छातीशी घेऊन बसली होती. याच खुर्चीवर गेल्या नऊ वर्षांत तिने शेकडो आयांना बसवलं होतं. इतकी बुटकी खुर्ची कशाला, असं एकीने विचारलं तेव्हा ती हसून म्हणाली होती, "मुलांच्या उंचीवरून बघायला बरं पडतं." या खुर्चीवरून माणसाला चटकन उठता येत नाही, हे तिला आज कळत होतं.

"घरी तिथंच असतो ना," मुंगीचा बाप म्हणाला. उघड्या पडलेल्या शांततेवर पांघरूण ओढावं तसा त्याचा आवाज होता. "तिच्या पाळण्याच्या उजव्या अंगाला, अगदी वर. मीच बसवलाय. निळी काच आहे त्याला."

"हं," टाचणीबाई म्हणाल्या, आणि त्यांनी काहीच लिहिलं नाही.

त्यांचं खरं नाव केंद्रातल्या पगारपत्रकाबाहेर कुणी घेत नसे. त्या केंद्राच्या प्रमुख होत्या. टेबलावर स्टेपलर धूळ खात असताना त्या प्रत्येक तपासणीचे कागद टाचणीने टाचत; आणि एकदा टाचणी लागली की त्या कागदावरचं अक्षर बदलायचं नाही, असा त्यांचा दंडक होता. टाचेपर्यंत मात्र कितीही खाडाखोड चालत असे. "माणसाला आठवायला वेळ लागतो," त्या म्हणायच्या. आत्ता टाचण्यांची डबी त्यांच्या कोपराशी होती आणि वीस प्रश्नांचा फॉर्म त्यांच्यासमोर मोकळा पडला होता.

तो फॉर्म आईने सकाळी, स्वयंपाकघरातल्या ओट्यावर, भरला होता.

केंद्रात तिला सगळे 'प्रश्नवाल्या ताई' म्हणत. बाळांमधल्या स्वमग्नतेची लवकर चाचपणी करायची तर रक्त तपासून भागत नाही. बाळ दिवसभर काय करतं आणि काय करत नाही, ते घरच्यांना विचारावं लागतं. ते विचारायचं काम तिचं. नावाने हाक मारली की वळून बघतं का? तुम्ही बोटाने दाखवलेल्या वस्तूकडे बघतं का? त्याला गंमत वाटलेली वस्तू तुम्हाला दाखवतं का? समोर चौकटी तीन: नेहमी, कधीकधी, अजून नाही. फॉर्म छापायला जाताना त्यातलं 'अजून' तिनेच घालायला लावलं होतं. नुसत्या 'नाही'शी आयांचं पेन अडायचं, कागदाला भोक पडेपर्यंत तिथेच थांबायचं, हे तिने पाहिलं होतं.

आणि प्रत्येक आईला ती एक वाक्य न चुकता सांगायची. "घरी जाऊन शिकवत बसू नका हं. दिसतं तेवढंच सांगा. शिकवलेलं बाळ आम्हाला दिसतच नाही."

'अजून नाही'च्या चौकटीत पाच खुणा झाल्या की मूल पलीकडच्या दालनात जायचं, जिथे आठवड्यातून चार सकाळी त्याच्यासोबत खेळून, बोलून, त्याच्या कलाने त्याला माणसांपर्यंत आणलं जायचं. या हंगामातल्या तुकडीत तीन जागा उरल्या होत्या. पाच खुणा झाल्या नाहीत की घरी. सहा महिन्यांनी पुन्हा या. चौदा महिन्यांच्या मुलासाठी सहा महिने म्हणजे किती, हे तिला ठाऊक होतं. आयांना ते समजावून सांगताना तिचा आवाज नेहमी खाली यायचा.

सकाळी तिने 'अजून नाही'मध्ये एकही खूण केली नव्हती. अठरा ठिकाणी 'नेहमी', दोन ठिकाणी 'कधीकधी'. सगळीकडे 'नेहमी' असलेल्या फॉर्मवर टाचणीबाईंचा भरवसा बसत नाही, हे तिला ठाऊक होतं. म्हणून ते दोन 'कधीकधी' तिने निवडून, जागा बघून पेरले होते. आणि मनाशी म्हटलं होतं: यात खोटं काय आहे? करतेच की मुंगी.

करतच होती. चार महिने तिने मुंगीकडून ते सगळं करून घेतलं होतं.

दहाव्या महिन्यात एका दुपारी तिने मुंगीला सात वेळा हाक मारली होती. आठवी मारली नाही. उठून तिने खणातला मापाच्या चमच्यांचा जुडगा काढला, तो वाजवला, आणि मुंगी वळली. मग हाक आणि चमचे. मग हाक आणि नुसता चमच्यांकडे गेलेला हात. मग नुसती हाक. तीन आठवडे लागले होते. मग टाटा. मग बुवा-कुक. मग दिवा. रोज तोच दिवा, कारण पाळण्यातून दुसरं काही नीट दिसत नसे. नवरा कामावरून आला की ती एकेक करून दाखवायला लावी, आणि तो चपला काढायच्या आत दारातच बसकण मारून टाळ्या वाजवी.

"शाळेत घालायच्या आधीच परीक्षा चालू झाली पोरीची," तो म्हणायचा.

घर भरल्यासारखं वाटायचं. आणि तो हात धुवायला गेला की मुंगी पुन्हा आपल्या आत निघून जायची. एखाद्या घराची खिडकी आतून कुणीतरी हलक्या हाताने लावून घ्यावी, तशी.

"नावाने हाक मारून बघू," टाचणीबाई म्हणाल्या. त्या मुंगीच्या पाठीमागे गेल्या. "मुंगी."

मुंगी वळली. तिने टाचणीबाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही. त्यांच्या हातांकडे पाहिलं, आधी उजव्या, मग डाव्या. तिथे काही नव्हतं. ती पुन्हा दोऱ्याकडे गेली.

"बघा," बाप खूश होऊन म्हणाला. "परक्या माणसाच्या हाकेलासुद्धा."

आईने गुडघ्यांभोवतीची मिठी आवळली.

"मुंगी, टाटा कर," टाचणीबाई म्हणाल्या.

मुंगीने हात वर केला. बोटं उघडली, मिटली, उघडली, मिटली. तळवा तिच्या स्वतःच्याच तोंडाकडे होता, जणू ती स्वतःचाच निरोप घेत होती. आईने तो कितीदा बाहेर वळवून दिला होता. पाण्यातली पानं जशी पुन्हा प्रवाहाच्या बाजूला वळतात, तसा तो परत आत वळायचा.

खोलीतली खिडकी रंगाने कायमची चिकटली होती. काचेमागे सकाळ ढळढळीत उजेडात उभी होती, पण आत वारा म्हणून नव्हता. टाचणीबाई खुर्चीवर परत आल्या आणि त्यांनी दोन्ही हात फॉर्मवर ठेवले. त्या काही बोलल्या नाहीत. नऊ वर्षांत आईने त्यांचं हे न बोलणं समोरच्या बाजूने कधी पाहिलं नव्हतं.

बापाला शांतता सोसवत नसे. तो चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचं काम करी. दिवसभर चाकाची घरघर कानाशी घेऊन बसणारा माणूस. गप्प खोलीत त्याला आपण काहीतरी मोडल्यासारखं वाटायचं.

"परीक्षा म्हटली की भल्याभल्यांची गाळण उडते हो," तो म्हणाला. "आमच्याकडे एक म्हातारे ट्रकवाले आले होते. परवान्यासाठी नजर तपासायची होती. समोर तक्ता लावला, तर गडी वरपासून खालपर्यंत धडाधडा वाचत गेला. शेवटची ओळ, जी मलासुद्धा नीट दिसत नाही, ती तर पाढे म्हटल्यासारखी. आमचे मालक थक्क. म्हणाले, आजोबा, या वयात ही नजर? आजोबा म्हणतात, गाईचं तूप... नाही, काय म्हणाले ते, हां, म्हणाले, आमच्या घराण्यातच आहे."

टाचणीबाईंच्या ओठांची कड हलली. "मग?"

"मग काय, बाहेर पडताना काचेच्या दारावर आपटले. सरळ. नाकावर." तो हसला. "बाकड्यावर तासभर बसले होते ना नंबर यायच्या आधी. पुढचा प्रत्येक जण मोठ्याने वाचत होता. ऐकून ऐकून पाठ केलं होतं सगळं."

"आणि ते पाठ केलंय, हे तुम्ही कसं ओळखलंत?"

"सोपं आहे. तक्ता बदलला." तो अजून हसतच होता. "दुसरा तक्ता लावला, तरी आजोबा आपले जुनीच ओळ..."

वाक्य तिथे राहिलं. हसू त्याच्या चेहऱ्यावर आणखी काही क्षण राहिलं. कुणी निघायला सांगायचं विसरल्यामुळे थांबून राहिलेल्या पाहुण्यासारखं. मग त्याने मान वळवली. आधी कपाटावरच्या पिवळ्या दिव्याकडे पाहिलं. मग उजवीकडच्या कोपऱ्याकडे, ओलीच्या डागाकडे, पोपड्याकडे. बराच वेळ. शेवटी बायकोकडे.

ती सतरंजीकडे बघत होती.

टाचणीबाई उठल्या. "मी पलीकडे जाऊन येते. पाचेक मिनिटं लागतील," त्या म्हणाल्या. दाराशी त्या थांबल्या, पण वळल्या नाहीत. "डबी घेऊन जाते. फॉर्म अजून टाचलेला नाही."

दार लागलं. त्याची आतली मूठ ढिली होती. ती एकदा खाली आली आणि किंचित वाकडी होऊन तशीच राहिली.

"किती दिवस?" त्याने विचारलं.

"चार महिने."

"रोज?"

"तू गेलास की. दुपारी केंद्रातून आल्यावर पुन्हा."

तो भिंतीला पाठ टेकून सतरंजीवर बसला. मुंगीने दोरा आता बोटाभोवती गुंडाळला होता, आणि बोटाचं टोक पांढरं पडत होतं. त्याने तो सावकाश सोडवला. तिने तक्रार केली नाही. दोरा पुन्हा हाती घेतला.

"मी दुकानातल्या सगळ्यांना दाखवलं," तो म्हणाला. "फोनवर. टाटा करताना. मालक म्हणाले, पोरगी हुशार निघणार."

"आहेच ती हुशार."

"मी हुशारीचं विचारत नाहीये."

तिला उठायचं होतं. गुडघे आखडले होते. दोन्ही हातांनी खुर्चीच्या कडा दाबून ती कशीबशी उभी राहिली आणि टेबलाशी गेली. पेन तिथेच होतं. तिने फॉर्म पुढे ओढला. समोर, टाचणीबाईंच्या खुर्चीमागे, भिंतीवर ठळक अक्षरांतली पाटी होती: 'घरच्यांना जे दिसतं, ते आधी खरं माना.' ती पाटी तिने स्वतः खडू-रंगांनी रंगवली होती. नऊ वर्षांत ऊन लागून 'आधी' तेवढं फिकं झालं होतं.

"मी तुला विचारलं होतं," तो मागून म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर तिला बरं वाटलं असतं. "थंडी पडायला लागली होती तेव्हा. तू कपडे घडी करत होतीस. मी म्हटलं, ही माझ्याकडे बघत का नाही गं. मी उचलून घेतो, तर माझ्या शर्टाच्या गुंडीकडे बघते."

"हो."

"तू काय म्हणालीस, आठवतं?"

तिला आठवत होतं. हातातल्या झबल्याची घडी न मोडता ती म्हणाली होती: सगळी मुलं सारखी नसतात, तू उगाच मनाला लावून घेतोस. हेच वाक्य दुसऱ्या कुणा डॉक्टरने कुणा आईला सांगितलेलं कानावर आलं, की ती दिवसभर धुमसत असे. आयांना असं सांगून घरी पाठवतात आणि वर्ष फुकट जातं, म्हणून भांडून तिने फॉर्मच्या शेवटी दोन ओळी वाढवून घेतल्या होत्या. 'शंका प्रथम कुणाला आली, केव्हा?' आणि त्याखाली, 'ती कुणाला बोलून दाखवली, काय उत्तर मिळालं?' सकाळी या दोन्ही ओळींवर तिने पट्टीने आखल्यासारखी सरळ रेघ मारली होती.

"मला वाटलं, तुला यातलं कळतं," तो म्हणाला. "तुझा धंदाच आहे तो."

"कळत होतं."

एवढं म्हणून तिने पहिल्या प्रश्नावरची खूण खोडली. नियमाप्रमाणे प्रत्येक खाडाखोडीशेजारी तिला आपली सही करायची होती. ती प्रश्न वाचत होती, आणि वाचता वाचता तिच्या लक्षात आलं: तिला उत्तरं ठाऊक नव्हती. ही मुलगी आपणहून काय करते, कुणी काही करायला न लावता तिचा हात कुठे जातो, डोळे कुणाला शोधतात, हे चार महिन्यांत तिने पाहिलंच नव्हतं. तिने फक्त शिकवलेलं पाहिलं होतं. वीस प्रश्नांच्या वीस कड्या घालून ती स्वतःच बाहेर राहिली होती.

"अकरावा," ती म्हणाली. पाठ वळवूनच. "तिला आवडलेली वस्तू आपणहून दाखवायला आणते का?"

ती थांबली. हजार वेळा ती अशी थांबली होती. उत्तर येईपर्यंत बोलायचं नाही, हे तिचं कसब होतं.

"नाही," तो म्हणाला. "एकदा डब्याचं झाकण घेऊन आली होती. मला वाटलं मला देतेय. माझ्या हातावर घासून बघितलं आणि गेली."

"बारावा. तू कुठे बघतोस ते बघायला तुझ्या नजरेमागे जाते?"

"नाही."

"चौदावा. पडली, लागलं, तर जवळ येते?"

"जिथे पडली तिथंच रडते. मी जातो."

ती लिहीत गेली. तो सांगत गेला. त्याला सगळं ठाऊक होतं. बारीकसारीक, दिवसवार, तोंडपाठ. भिंगाच्या कडेवरचा, बोटालाच कळणारा ओरखडा सांगावा तसा तो एकेक गोष्ट सांगत होता, आणि ती प्रत्येक वेळी 'नेहमी' खोडून शेवटच्या चौकटीत खूण करत होती. पाच झाल्या. मग आठ. मग तिने मोजणं सोडलं.

शेवटच्या दोन ओळींपाशी ती आली. सरळ रेघेच्या वर, उरलेल्या जागेत, तिने बारीक अक्षरात लिहिलं: 'वडिलांना. दहाव्या महिन्यात.' खालच्या ओळीत 'कुणाला बोलून दाखवली' यापुढे पेन थांबलं. मग तिने आपला हुद्दा लिहिला, या केंद्राच्या नावासकट. आणि 'काय उत्तर मिळालं' यापुढे घडी घालताना म्हटलेलं ते वाक्य, एकही शब्द न बदलता.

आता टाचणीबाई हे वाचणार होत्या. उद्यापासून बुटक्या खुर्चीवर कुणाला बसवून प्रश्न विचारायला तिला ठेवतील की नाही, हा विचार तिच्या मनात आला आणि गेला. त्याला थांबायला जागा नव्हती.

"तुझीही सही लागते," ती म्हणाली.

तो उठून टेबलाशी आला. त्याने फॉर्म डोळ्यांच्या अगदी जवळ धरून वाचला, कामाच्या सवयीने उजेडाकडे थोडा तिरपा करून. शेवटच्या दोन ओळींवर तो जास्त वेळ राहिला. मग कागद टेबलावर ठेवून त्याने खाली सही केली. आपलं पूर्ण नाव, सुटं, एकेक अक्षर. पेनाला टोपण लावलं.

ती त्याच्या शेजारी उभी होती. इतक्या जवळ की त्याच्या बाहीला लागलेली भिंगांची पांढरी भुकटी तिला दिसत होती. सगळं खोडून झालं होतं, सगळं लिहून झालं होतं. तरी काहीतरी उरलं होतं, ज्याला फॉर्ममध्ये ओळ नव्हती.

"तुला एवढं सगळं दिसत होतं," ती हळू म्हणाली. "मग तू मला परत का नाही विचारलंस?"

त्याचा हात पेनावर तसाच राहिला. त्याने तिच्याकडे पाहिलं. चपला न काढता दारात बसकण मारणारा, टाळ्या वाजवणारा तो माणूस क्षणभर त्या डोळ्यांत येऊन उभा राहिला आणि त्याने मान खाली घातली.

मग तो वाकला. दोरा सतरंजीपासून तुटून तिच्याच हातात राहील अशा बेताने त्याने मुंगीला उचललं, दोऱ्यासकट खांद्यावर घेतलं, आणि दाराची ढिली मूठ दोनदा फिरवून बाहेर पडला. बोळ लांब होता. पलीकडून टाचणीबाई येत होत्या, त्यांच्या हातातली डबी खुळखुळत होती. तो त्यांच्या बाजूने निघून गेला.

त्याच्या खांद्यावरून मुंगीचा हात वर आला. बोटं उघडली, मिटली, उघडली, मिटली. तळवा तिच्या स्वतःकडेच होता. कुणी तिला काही करायला सांगितलं नव्हतं.